शिखराला आपलं नाव नको म्हणणारा माणूस: जॉर्ज एव्हरेस्ट

जगातल्या सर्वांत उंच शिखराचं नाव आपण चौथीच्या भूगोलापासून घोकत आलो. पण ज्या माणसाच्या आडनावावरून ते ठेवलं, त्याच्या कानावर आपला उच्चार पडला असता तर त्याने आधी तो दुरुस्त केला असता. त्यांच्या घरात ईव्ह-रेस्ट असं म्हणत. म्हणजे ‘ए’ नाही, ‘ई’. आता सगळ्या जगानेच एव्हरेस्ट ठरवून टाकलंय, तेव्हा इथेही तेच लिहू.

उच्चार ही त्यातली लहानशी गंमत झाली. त्याने ते शिखर कधी पाहिल्याची नोंद नाही, ते त्याने मोजलंही नाही. आणि शिखराला आपलं नाव द्यायचं ठरलंय हे कळल्यावर त्याने लंडनमध्ये भर सभेत हरकत घेतली होती. ती कोणी मनावर घेतली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या फार थोड्यांना माहीत असते. या माणसाच्या उमेदीच्या वर्षांतला मोठा भाग बर्फात गेलेला नाही. तो गेला हैदराबाद, बिदर, वऱ्हाड, सिरोंज, ग्वाल्हेरच्या बाजूचा मुलूख, अशा उन्हाच्या आणि तापाच्या पट्ट्यात. आज जिथे मराठी घरं पिढ्यान्पिढ्या नांदताहेत, त्याच वाटेने त्याची दुर्बीण उत्तरेकडे गेली.

जॉर्ज एव्हरेस्टचा जन्म ४ जुलै १७९० चा. लष्करी शिक्षण घेऊन १८०६ मध्ये, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाला. गणितात डोकं चालायचं. पुढे जावा बेट इंग्रजांच्या ताब्यात असताना तिथली पाहणी त्याच्याकडे आली. ते काम बघून त्याला विल्यम लॅम्बटनचा मुख्य मदतनीस नेमलं आणि १८१८ च्या अखेरीस तो हैदराबादला येऊन थांबला.

लॅम्बटनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तो नसता तर एव्हरेस्ट हे नाव कोणाला कळलंच नसतं. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने साखळीने एक सरळ रेषा मोजली. ती पायारेषा. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे, की त्रिकोण तयार. एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोण जोडत जोडत कन्याकुमारीपासून सरळ उत्तरेकडे एक साखळी न्यायची, असा त्याचा बेत. तिला पुढे ग्रेट आर्क म्हणू लागले. हेतू नुसता नकाशाचा नव्हता. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, ती ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे लॅम्बटनला काढायचं होतं. कंपनीला अर्थात जमीन, महसूल आणि फौजेचे रस्ते हवे होते. दोघांचं जमलं.

कोन मोजायचं यंत्र, म्हणजे मोठा थिओडोलाइट, वजनाला अर्ध्या टनाच्या आसपास. ते माणसांनी खांद्यावरून डोंगरावर चढवायचं. कुठे डोंगर नसेल तर देवळाच्या गोपुरावर. १८०८ मध्ये तंजावरला गोपुरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोजवर्तुळ वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून, स्वतःच्या हाताने, ते सरळ केलं आणि काम पुढे चालू ठेवलं.

अशा माणसाच्या हाताखाली एव्हरेस्ट आला. स्वभाव मात्र अगदी उलटा. लॅम्बटन शांत, सगळ्यांना धरून चालणारा. एव्हरेस्ट तापट, हाताखालच्यांना टोचून बोलणारा, स्वतःच्या मानपानाबद्दल फार हळवा. त्याला कोणी कंपासवाला म्हटलेलं अजिबात खपत नसे.

पहिलीच मोहीम कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या जंगलात, १८१९ च्या पावसाळ्यात. पावसाने हवा धुतली जाते आणि लांबचं स्वच्छ दिसतं, म्हणून मोजणीला हाच काळ बरा. पण मलेरियालाही हाच काळ बरा असतो. सोबत दिलेल्या निजामाच्या शिपायांनी पुढे जायला नकार दिला, तेव्हा त्याने चाबकाची शिक्षा देऊन त्यांना वठणीवर आणलं. ही गोष्ट त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे, आणि तिची त्याला खंत वाटल्याचं काही दिसत नाही. मग येल्लापुरमच्या जंगलात तापाने गाठलं. तो आजारी, त्याचे सहकारी आजारी, खलाशी आणि हमाल आजारी. हैदराबादहून डोल्या, हत्ती, जे मिळेल ते पाठवून माणसं परत आणावी लागली. काही जण वाटेतच गेले. त्या मेलेल्यांची नावं कुठल्याच शिखराला नाहीत.

तब्येत सुधारायला त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, पाठवलं. तिथेही तो गप्प बसला नाही. लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्याआधी सत्तरेक वर्षं केपजवळ पृथ्वीच्या वक्रतेचं माप घेतलं होतं आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. एव्हरेस्टने त्या जागा फिरून पाहिल्या. जवळचे डोंगर ओळंब्याला आपल्याकडे खेचत असणार, असा त्याचा निष्कर्ष. गवंड्याच्या ओळंब्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, पण भल्यामोठ्या डोंगराशेजारी तोही किंचित तिरपा होतो. ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली, आणि वीस वर्षांनी हिमालयाच्या पायथ्याशी ती पुन्हा त्याच्यासमोर आली.

परत आल्यावर लॅम्बटनने त्याला बिदरच्या पायारेषेपासून पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची फांदी काढायला लावलं. इकडे लॅम्बटन सत्तरीला टेकलेला, खोकल्याने पोखरलेला, तरी मुक्काम हलवून हैदराबादहून नागपूरकडे निघाला. नागपूर आलं नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर आजही तिथेच आहे. वीस वर्षं एका रेषेमागे चालत आलेला माणूस त्या रेषेपासून फार दूर नसलेल्या विदर्भातल्या एका बाजारगावात विसावला. हिंगणघाटहून रोज गाड्या जातात, पण कबर बघायला उतरणारे कमीच.

एव्हरेस्ट आता प्रमुख झाला. वऱ्हाड ओलांडून सातपुड्याच्या डोंगरांतून त्याने साखळी सिरोंजपर्यंत नेली. सिरोंज आज विदिशा जिल्ह्यात, तेव्हा टोंकच्या नवाबाकडे. जुना ताप पाठ सोडत नव्हता. हातपाय इतके लुळे पडले की आकाशातले तारे मोजायच्या यंत्राखाली त्याला दोन माणसांनी धरून बसवावं आणि धरूनच उठवावं लागे. १८२५ मध्ये सिरोंजची पायारेषा मोजून झाली आणि तो इंग्लंडला गेला.

सगळ्यांना वाटलं, संपलं. पण पाच वर्षांनी, १८३० मध्ये, तो परतला. सोबत नवी यंत्रं आणि सर्व्हेयर जनरलचं पद. साखळी उन्हात लांबते, थंडीत आखडते. तिच्याऐवजी आता पितळ आणि लोखंड जोडून केलेल्या अशा पट्ट्या होत्या की एका धातूचं वाढणं दुसरा भरून काढी. याच काळात त्याच्या हाताखाली दोन माणसं आली, ज्यांच्यावाचून पुढचं काही झालं नसतं. एक सय्यद मीर मोहसीन हुसेन, अर्काटकडचा कारागीर. विलायती यंत्रं बिघडली की ती खोलून, सुधारून, कधी मुळापेक्षा चांगली करून देणारा. दुसरे राधानाथ शिकदार. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला अठरा वर्षांचा बंगाली तरुण, १८३१ मध्ये महिना ३० रुपयांवर गणक म्हणून लागला. कॉम्प्युटर हा तेव्हा माणसाचा हुद्दा होता. आकडेमोड करणारा तो कॉम्प्युटर.

सिरोंजच्या वर मात्र पंचाईत झाली. चंबळ ओलांडली की गंगा-यमुनेचा दुआब. टेकडीच नाही, सगळं सपाट. त्यात आमराया, गावं, चुलींचा धूर आणि धुळीचा पडदा. एव्हरेस्टने तिथे सुमारे पन्नास फूट उंचीचे पक्के मनोरे बांधून घेतले. दिवसा दिसत नाही तर रात्री दिवे लावून कोन घेतले. मधली झाडं तोडली, कधी झोपड्याही हलवायला लावल्या. नुकसानभरपाई दिली जायची, पण आपल्या दारातला आंबा कोणाच्या तरी त्रिकोणासाठी पडताना बघणाऱ्या शेतकऱ्याला तिचं काय कौतुक. मनोऱ्यावरून साहेबाची दुर्बीण घरातल्या बायका बघते, तीही उलट्या दिसतात, अशी हाकाटी गावोगाव होती. वैतागून लोक मोजणीच्या खुणा उपटून टाकत.

या कटकटीतून वाट काढत साखळी डेहराडूनला पोचली. तिथे सुमारे साडेसात मैलांची नवी पायारेषा मोजली. खालून त्रिकोणांच्या हिशेबाने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत काही फुटांचा फरक निघाला. दुसरा कोणी असता तर शेकडो मैलांत तीन-चार फूट म्हणून सोडून दिलं असतं. एव्हरेस्टने माणसं परत सिरोंजला नेली आणि १८३७-३८ मध्ये ती पायारेषा नव्या पट्ट्यांनी पुन्हा मोजली. फरक काही इंचांवर आला. मग बिदरची रेषाही १८४१ मध्ये त्याचा मदतनीस अँड्र्यू वॉ याच्याकडून पुन्हा मोजून घेतली. त्याच्या स्वभावाचा त्रास ज्यांनी सोसला त्यांनीही या चिकाटीपुढे मान तुकवली असणार.

त्याच्या तापटपणाचा एक नमुना कोकणाशी जोडलेला आहे. एव्हरेस्टची तब्येत बघून कंपनीने त्याच्यानंतरचा माणूस आधीच हेरून ठेवला. तो थॉमस जर्विस, दक्षिण कोकणाची पाहणी केलेला मुंबई इलाख्याचा इंजिनिअर. लंडनमध्ये जर्विसने सर्व्हेच्या सुधारणांवर मतं मांडली आणि मोठमोठ्या विद्वानांनी त्याला पाठिंबा दिला. झालं. एव्हरेस्टने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून एकामागून एक जळजळीत पत्रं लिहिली आणि १८३९ मध्ये ती छापूनच काढली. जर्विसच्या कोकणातल्या कामाची त्यात यथेच्छ टर उडवली होती. ते पद जर्विसला कधीच मिळालं नाही.

मसुरीजवळ हाथीपावला त्याने घर घेतलं होतं. ते घर अजून उभं आहे. शिकदारांना दुसऱ्या खात्यात बढतीची संधी आली तेव्हा त्याने आपलं वजन वापरून त्यांना जाऊ दिलं नाही. गणितात त्यांच्या तोडीचा माणूस मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. कौतुक खरं, पण त्यात मालकीही होती. १८४३ मध्ये डेहराडूनचा गोरा मॅजिस्ट्रेट सर्व्हेच्या हमालांकडून स्वतःचं सामान फुकट वाहून घेत होता. शिकदारांनी ते सामान अडवून ठेवलं आणि हमालांची बाजू घेतली. खटला उभा राहिला. २०० रुपये दंड झाला, तोही शिकदारांनाच.

त्याच वर्षअखेरीस एव्हरेस्ट निवृत्त होऊन कायमचा मायदेशी गेला. लग्न केलं, सहा मुलं झाली, दोन खंडांत आपल्या मोजणीचा वृत्तांत छापला. त्या वृत्तांतातल्या एका आकड्याने पुढे विज्ञानाला कोड्यात टाकलं. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरजवळचं कलियाणा या दोन ठाण्यांमधलं अंतर त्रिकोणांनी काढलं तर एक येई, ताऱ्यांवरून काढलं तर दुसरं. फरक सव्वापाच सेकंदांचा, सेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. हिमालय ओळंबा खेचतोय म्हणावं, तर कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्याने गणित करून दाखवलं की एवढा मोठा पर्वत असेल तर फरक जवळपास सोळा सेकंद यायला हवा. म्हणजे पर्वत दिसतो तेवढा ओढत नाही. यातूनच १८५५ च्या सुमाराला ही कल्पना निघाली की डोंगराच्या खाली हलक्या खडकाचं मूळ असतं, पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यासारखं. हिमालयाबद्दल एव्हरेस्टच्या कामातून मिळालेलं खरं ज्ञान हे. शिखर नव्हे.

शिखराची हकिगत त्याच्या जाण्यानंतरची. त्याच्या जागी अँड्र्यू वॉ आला होता. आधी धवलगिरी सर्वांत उंच समजत, नंतर कांचनजंगा. त्याच्यामागे, आणखी लांब, एक टोक डोकावत होतं. नेपाळची हद्द बंद, आत पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून १८४९-५० च्या हिवाळ्यात निकोल्सन नावाच्या अधिकाऱ्याने बिहारच्या तराईतल्या सहा ठाण्यांवरून, शंभरहून अधिक मैलांवरून, त्याचे कोन घेतले आणि मग तापाने आडवा झाला. शिखरांना तोवर अक्षरं होती, मग रोमन आकडे दिले. या टोकाच्या वाट्याला पंधरा आला. पीक पंधरा.

आकडेमोडीला दोनेक वर्षं लागली. हवेत प्रकाश वाकतो, पृथ्वी गोल आहे, प्रत्येक ठाण्याचा आकडा थोडा वेगळा येतो. यासाठीची पद्धत बसवण्यात आणि १८५२ च्या सुमाराला हे शिखर सर्वांत उंच आहे हे ओळखण्यात शिकदारांचा मोठा हात होता. ते धावत वॉच्या खोलीत गेले आणि सर्वांत उंच शिखर सापडल्याचं सांगितलं, अशी एक गोष्ट रंगवून सांगतात. ती खरी वाटत नाही. शिकदार तेव्हा कलकत्त्याच्या कचेरीत मुख्य गणक होते आणि वॉचा मुक्काम डेहराडूनकडे. पण गोष्ट खोटी म्हणून काम खोटं ठरत नाही.

वॉने आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि १८५६ मध्ये जाहीर केलं, उंची २९,००२ फूट. सोबत नावही. सर्व्हेत एक शिस्त होती, जिथे जावं तिथलं लोकांचं नाव विचारावं आणि तेच नकाशावर लिहावं. ही शिस्त एव्हरेस्टनेच लावलेली. वॉने ते कबूल केलं आणि लगेच बगलही दिली. नेपाळ बंद असल्याने स्थानिक नाव कळायला मार्ग नाही, म्हणून आपल्या गुरूचं नाव द्यावं, असा त्याचा युक्तिवाद. पहिल्यांदा तर त्याने फ्रेंच वळणाने माँट एव्हरेस्ट लिहिलं, मग माउंट केलं.

मार्ग खरंच नव्हता का? तिबेटी लोक त्या पर्वताला चोमोलुंग्मा म्हणत आणि ते नाव १७३० च्या दशकात फ्रान्समध्ये छापलेल्या नकाशावर, वेगळ्या वर्णांत का होईना, उमटलेलं होतं. काठमांडूत अनेक वर्षं राहिलेल्या ब्रायन हॉजसनने वॉला विरोध करत देवढुंगा हे नाव सुचवलं. जर्मन श्लागिंटवाइट बंधूंपैकी एकाने गौरीशंकर म्हटलं, आणि कित्येक जर्मन नकाशांत ते पुढची पन्नास वर्षं टिकलं. गौरीशंकर हे वेगळंच, पन्नासहून अधिक किलोमीटर दूरचं शिखर आहे, हे १९०३ मध्ये पक्कं झालं. एकाच जागेची दोन नावं आणि त्यावरून पेटलेले कागद म्हणजे काय असतं, हे सीमाभागातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१८५७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या सभेत हा विषय आला तेव्हा खुद्द एव्हरेस्ट हजर होता. सन्मानाबद्दल त्याने आभार मानले, पण अडचणही मांडली. आपलं आडनाव फारसीत किंवा हिंदीत नीट लिहिता येत नाही आणि तिथल्या माणसांच्या तोंडात बसत नाही. आयुष्यभर मानासाठी भांडलेल्या माणसाने सर्वांत मोठा मान असा बाजूला सारावा, याचं आश्चर्य वाटतं. पण तो नियमाचा माणूस होता, आणि नियम त्याचाच होता. १८६५ मध्ये सोसायटीने नाव पक्कं केलं.

तिकडे काराकोरममध्ये माँटगोमेरीने १८५६ मध्ये के-१, के-२ असे नंबर दिले होते. के-१ ला लोक माशेरब्रुम म्हणतात हे कळल्यावर नंबर पुसून ते नाव लिहिलं. के-२ ला मात्र सर्वमान्य नाव सापडलं नाही, म्हणून नंबरच राहिला, पण कोणा साहेबाचं नाव चिकटलं नाही. एव्हरेस्टचा नियम तिथे पाळला गेला, त्याच्याच शिखराला तेवढा नाही. नेपाळीतलं सागरमाथा हे नाव फार पुढचं, इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेलं.

१८६१ मध्ये एव्हरेस्टला सर ही पदवी मिळाली. १ डिसेंबर १८६६ रोजी तो लंडनमध्ये वारला आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होव्हच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. राधानाथ शिकदार १८७० मध्ये चंदननगरला गेले. सर्व्हेच्या मॅन्युअलमधले गणिताचे कठीण भाग त्यांनी लिहिले होते आणि पहिल्या आवृत्त्यांत त्याचा उल्लेखही होता. त्यांच्या मृत्यूनंतर, १८७५ च्या आवृत्तीतून तो काढून टाकला.

एव्हरेस्टचं नाव आणखी एका ठिकाणी आहे आणि तिथे ते कोणी उपरं म्हणणार नाही. बिदर ते सिरोंजच्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार त्याने मांडला, त्याला एव्हरेस्ट स्फेरॉइड म्हणतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट, मग ती गोव्याची असो, बेळगावची की इंदूरची, त्याच आकारावर आखलेल्या. त्या सगळ्या मोजणीचा आरंभबिंदू सिरोंजजवळ कल्याणपूरच्या टेकडीवर आहे. टेकडीचं नाव कल्याणपूरच राहिलंय.